स्टिरॉइड सुरू होण्याआधी इओसिनोफिल वाढलेले निघाले, तेव्हा

आईला संधिवातासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेट सुरू करायचं ठरलं होतं. दोन्ही औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी, म्हणून आधी काही तपासण्या करून घेतात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताची तपासणी, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि क्षयरोग नाही ना हे पाहायला छातीचा एक्स-रे. सोमवार, 16 जून 2025 च्या संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. बाकी सगळं ठीक होतं, पण सीबीसीमध्ये दोन आकडे ठळक छापलेले होते. हिमोग्लोबिन 9.8 आणि इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, 19 टक्के.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पुढच्या काही महिन्यांत जे घडलं त्याचा अर्थ लावणं मला थोडं सोपं गेलं. ज्यांच्या घरात असाच रिपोर्ट आलाय आणि "जंत असतील, एक गोळी घ्या" एवढंच ऐकायला मिळालंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या 19 टक्क्यांबद्दल. टक्केवारीवर थांबू नका. एकूण पांढऱ्या पेशींना त्या टक्केवारीने गुणून प्रत्यक्ष संख्या काढावी लागते. काही लॅब ती छापतात, काही नाही. आईच्या एकूण पांढऱ्या पेशी 11,200 होत्या, म्हणजे इओसिनोफिल 2,128. एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 500 पर्यंत असतील तर चिंता नसते. 500 ते 1,500 ही सौम्य वाढ, 1,500 ते 5,000 मध्यम, आणि त्यापुढे तीव्र. आणखी एक गोष्ट: शरीरातल्या कॉर्टिसोलमुळे ही संख्या सकाळी कमी आणि रात्री जास्त असते. म्हणून पुन्हा तपासायचं असेल तर दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्यावं, नाहीतर दोन आकड्यांची तुलना फसवी ठरते.

ठाण्यातल्या ज्या संधिवाततज्ज्ञांकडे आम्ही जात होतो, त्यांनी रिपोर्ट पाहिल्यावर आईला पहिला प्रश्न विचारला तो गावाचा.

"मावशी, गाव कुठलं? शेतात अनवाणी जाता का?"

गाव मुरबाड तालुक्यात. आई कळव्याला राहायला येऊन बरीच वर्षं झाली, पण आषाढात भाताच्या आवणीला ती अजूनही जाते, आणि चिखलात चप्पल घालून कोणी उतरत नाही. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली की चिखल्या झाल्या म्हणून हळद-तेल लावायचं, एवढाच उपचार. त्यातली काही खाज बुरशीची असते, पण मातीतल्या अंकुशकृमीच्या (हुकवर्म) किंवा स्ट्राँगिलॉइड्स या दुसऱ्या बारीक जंताच्या अळ्या कातडीतून आत शिरतानाही तिथेच खाज येते, हे गावात फारसं कोणाला माहीत नसतं.

मग डॉक्टरांनी बाकीची कारणं एकेक करून बाजूला केली. दमा किंवा रात्रीचा कोरडा खोकला? नाही. हत्तीरोगाच्या जंतांमुळे फुफ्फुसाचा जो इओसिनोफिलिया होतो त्यात असा खोकला असतो आणि बहुधा संख्या 3,000 च्या वर जाते. अलीकडे नवं औषध, काढा, चूर्ण? वेदनाशामक गोळ्या आणि काही प्रतिजैविकंही इओसिनोफिल वाढवतात, म्हणून घरात असलेली प्रत्येक पुडी आणि बाटली त्यांनी मागवून घेतली. तुम्हीही जाल तेव्हा औषधांची नावं आठवून सांगण्यापेक्षा रिकाम्या पट्ट्या सोबत न्या. अंगावर उठतं का? हो, मांड्यांवर आणि कमरेखाली अधूनमधून लाल रेघा उमटायच्या आणि काही तासांत जागा बदलायच्या. आई त्याला पित्त म्हणायची. डॉक्टरांनी ही माहिती अधोरेखित करून लिहिली.

"स्टिरॉइड आज सुरू करायचं नाही. आधी पोटात काय आहे ते कळू दे," असं ते म्हणाले. सांधे सकाळी तासभर आखडलेले, डब्याचं झाकण उघडत नाही, आणि औषध पुढे ढकललं गेलं. आईचा चेहरा उतरला. मधल्या काळासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि पॅरासिटामॉल दिलं.

शौचाचे तीन नमुने द्यायचे होते, एक दिवसाआड. एका नमुन्यावर भागत नाही, कारण अंडी किंवा अळ्या रोज सारख्या बाहेर पडत नाहीत, आणि स्ट्राँगिलॉइड्सच्या बाबतीत तर एका नमुन्यात काही न सापडण्याची शक्यताच जास्त असते. आम्ही सार्वजनिक रुग्णालयात नमुने दिले. सकाळी केसपेपर काढायचा, ओपीडीतून लॅबची चिठ्ठी घ्यायची, खिडकीवर नाव आणि वय नोंदवून डबीला नंबर चिकटवून घ्यायचा. नमुने साडेदहापर्यंतच घेत, आणि प्रत्येक नमुन्यासाठी स्वतंत्र चिठ्ठी लागायची. ओपीडीत पहिल्याच दिवशी तिन्ही चिठ्ठ्या लिहून मागितल्या तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागत नाही. केसपेपरचे पैसे नाममात्र होते. खाजगी लॅबमध्ये प्रत्येक नमुन्याला दीडशेच्या आसपास सांगितले होते. आरोग्य विमा होता, पण तो दाखल झाल्यावरच लागू होणारा, त्यामुळे या सगळ्याची भरपाई मिळाली नाही.

नमुना देताना जे चुकतं ते बहुतेक वेळा घरीच चुकतं. कमोडच्या पाण्यातून उचललेला नमुना उपयोगाचा नाही. त्यात लघवी मिसळलेली चालत नाही. वर्तमानपत्र किंवा स्वच्छ पसरट भांडं वापरा, आणि डबी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची असू द्या. अक्रोडाएवढा नमुना पुरतो. कुठे आव, रक्त किंवा चिकट भाग दिसला तर तोच घ्या. जुलाब असतील तर नमुना अर्ध्या तासात लॅबमध्ये पोहोचायला हवा, कारण अमिबा आणि जिआर्डियाचं हलणारं रूप त्यानंतर विरघळून जातं. आदल्या एक-दोन आठवड्यांत प्रतिजैविक, बेरियमची तपासणी किंवा बिस्मथ असलेलं औषध झालं असेल तर आधीच सांगा. चिठ्ठीवर नुसतं "स्टूल रूटीन" असेल तर "कॉन्सन्ट्रेशन" पद्धतीनेही बघाल का, हे विचारा. त्यात फॉर्मेलिन आणि इथर घालून नमुना फिरवतात, तुरळक अंडी तळाशी गोळा होतात आणि सापडण्याची शक्यता वाढते. आईला या सगळ्याचा फार संकोच वाटत होता. डबी काळ्या पिशवीत घालून, वर कापडी पिशवी घेऊन, ती रिक्षात गप्प बसायची.

19 जूनच्या पहिल्या नमुन्यात अंडी नाहीत, सिस्ट (अमिबासारख्या परजीवींचं कवचातलं रूप) नाहीत. पण खाली एक ओळ होती: शार्को-लायडेन स्फटिक आढळले. बहुतेक लोक ही ओळ वाचून सोडून देतील. ती मला त्या पूर्ण रिपोर्टमधली सर्वात बोलकी ओळ वाटली. हे स्फटिक इओसिनोफिल पेशींमधल्या गॅलेक्टिन-10 नावाच्या प्रथिनाचे असतात. पेशी फुटून मरतात तेव्हा ते बनतात. टोकदार, दोन्हीकडे निमुळते, रंगहीन. म्हणजे जंत दिसला नव्हता, पण त्याच्यामागे धावून आलेल्या पेशी आतड्यात मोठ्या प्रमाणात मरत होत्या याचा पुरावा काचपट्टीवर होता.

पुढचे नमुने 21 आणि 23 जूनला दिले. मधल्या दिवसांत आई सारखी विचारायची, "जंत लहान मुलांना होतात ना? मला कसे?" तिला जे समजावलं तेच इथे थोडं विस्ताराने लिहिते.

जिवाणू आत शिरला तर एखादी पांढरी पेशी त्याला गिळू शकते. अंकुशकृमी साधारण एक सेंटिमीटरचा, गोल जंताची मादी तर 20 ते 35 सेंटिमीटर लांब. गिळण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून शरीर इथे दोन वेगळी कामं करतं. आतड्याच्या पोकळीतल्या मोठ्या जंताला तिथे टिकू द्यायचं नाही, आणि ऊतींमधून प्रवास करणाऱ्या बारीक अळ्यांना वाटेत अडवून मारायचं.

याची सुरुवात आतड्याच्या अस्तरातून होते. तिथे टोकाला सूक्ष्म तंतूंचा झुपका असलेल्या टफ्ट पेशी तुरळक विखुरलेल्या असतात. त्या नेमकं काय करतात हे कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. 2016 मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी उंदरांवर दाखवून दिलं की जंतांची चाहूल या पेशींना लागते आणि त्या इंटरल्यूकिन-25 हा संदेश सोडतात. अळ्यांनी अस्तर फाडलं की जखमी पेशींमधून इंटरल्यूकिन-33 बाहेर पडतं. हे दोन्ही संदेश अस्तराखाली वाट पाहत असलेल्या टाइप-2 जन्मजात लसिका पेशींपर्यंत जातात. याही पेशी 2010 च्या सुमारास ओळखल्या गेलेल्या, म्हणजे जुन्या पाठ्यपुस्तकांत त्या सापडणार नाहीत. त्या लगेच इंटरल्यूकिन-13 आणि इंटरल्यूकिन-5 सोडू लागतात. दरम्यान डेन्ड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी जंताचे अंश जवळच्या लसिकाग्रंथीत पोहोचवतात. तिथे टी-हेल्पर-2 पेशी तयार होतात आणि हेच संदेश अधिक जोराने, अधिक काळ पाठवत राहतात. त्यांत इंटरल्यूकिन-4 आणि इंटरल्यूकिन-9 यांचीही भर पडते.

इंटरल्यूकिन-13 चा परिणाम अस्तरावर होतो. श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढतात, आतड्यात पाणी जास्त सुटतं, स्नायू जोरात आकसू लागतात. अस्तराच्या पेशी तळाशी जन्म घेऊन वर सरकत शेवटी गळून पडतात. जंत असताना हा सरकता जिना वेगाने चालू लागतो आणि त्याला चिकटून बसलेला जंत वर ढकलला जातो. म्हणजे पोटात मुरडा, चिकट शौच, मधूनच जुलाब, यातला बराच भाग आपल्याच शरीराने चालवलेल्या हकालपट्टीचा असतो. उंदरांमध्ये हे काम विलक्षण सफाईने होतं. प्रयोगशाळेत वापरला जाणारा उंदीर-घुशींचा एक जंत साधारण दहा दिवसांत पूर्ण बाहेर फेकला जातो.

इंटरल्यूकिन-4 मुळे बी पेशी आयजीई प्रकारची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवू लागतात. आयजीईचा शोध 1966-67 मधला. अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांनी ती स्वतंत्रपणे ओळखली. तेव्हा सगळ्यांचं लक्ष अ‍ॅलर्जीकडे होतं, पण जंत असलेल्यांच्या रक्तात ती खूप वाढलेली आढळते. ही प्रतिपिंडं अस्तरातल्या, हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. जंताचा अंश तिथे जोडला गेला की हिस्टामिन आणि प्रथिनं कापणारी विकरं बाहेर पडतात, अस्तराचे सांधे सैल होतात, द्रव आतड्यात झिरपतो. अंगावर उठणारं पित्त याच वाटेने येतं.

आणि इंटरल्यूकिन-5 अस्थिमज्जेला इओसिनोफिल बनवायला लावतं. पाउल एर्लिक यांनी 1879 मध्ये इओसिन रंगाने रंगणाऱ्या या पेशींचं वर्णन केलं. यांच्या पोटात मेजर बेसिक प्रोटीनसारखी अत्यंत दाहक प्रथिनं भरलेली असतात. अळीवर प्रतिपिंडं चिकटली की इओसिनोफिल तिला वेढून ही प्रथिनं तिच्या कातडीवर ओततात. यात आसपासच्या आपल्या ऊतीही भाजतात. महत्त्वाचं म्हणजे या पेशी रक्तात फक्त काही तास असतात. त्यांचं खरं ठिकाण ऊती, त्यातही आतडं. सीबीसीमध्ये दिसतात त्या मज्जेतून आतड्याकडे निघालेल्या, वाटेवरच्या पेशी.

यावरून दोन गोष्टी निघतात, आणि त्या दवाखान्यात सहसा कोणी सांगत नाही. पहिली: जंत ऊतींमधून फिरत असतील तरच इओसिनोफिल भरपूर वाढतात. गोल जंताच्या अळ्या फुफ्फुसातून जात असताना ते वाढतात, पण मोठा जंत आतड्याच्या पोकळीत स्थिरावल्यावर आकडा बराच खाली येऊ शकतो. दुसरी: अमिबा आणि जिआर्डिया या एकपेशीय परजीवींमध्ये इओसिनोफिल वाढत नाहीत. जिआर्डियाविरुद्ध आतड्यात पाझरणारं आयजीए हे प्रतिपिंड आणि टी पेशी काम करतात. ज्यांच्या शरीरात प्रतिपिंडंच कमी बनतात त्यांचा जिआर्डिया हटता हटत नाही. म्हणजे इओसिनोफिल नॉर्मल आहेत म्हणून पोटात परजीवी नाहीत, असं म्हणता येत नाही. आणि वाढलेत तर "अमिबा असेल" म्हणून मेट्रोनिडाझोल घेऊन काही साधत नाही.

एवढी व्यवस्था असून माणसात अंकुशकृमी वर्षानुवर्षं कसे राहतात? कारण जंतही गप्प बसत नाहीत. ते अशी रसायनं सोडतात की आपल्या नियामक टी पेशी वाढतात, इंटरल्यूकिन-10 वाढतं आणि दाह शमतो. शरीर आयजीईच्या जोडीला आयजीजी-4 बनवू लागतं, जे जंताच्या अंशाला आधीच धरून ठेवतं आणि मास्ट पेशी शांत राहतात. शरीराच्या बाजूनेही यात शहाणपण आहे. कायम पेटलेलं आतडं हे दहा-वीस जंतांपेक्षा घातक ठरलं असतं. त्यामुळे बहुतेकांमध्ये जंत पूर्ण जात नाहीत, फक्त त्यांची संख्या आटोक्यात राहते. एकदा होऊन गेले म्हणून पुन्हा होत नाहीत असंही नाही. "मला कसे?" याचं उत्तर हे. आईच्या शरीरात हा तह बहुधा खूप जुना होता.

तिसऱ्या नमुन्याच्या रिपोर्टने मात्र नवा पेच उभा केला. दुसऱ्यात अंकुशकृमीची अंडी तुरळक सापडली होती. हिमोग्लोबिन 9.8 का, याचा खुलासा झाला, कारण हा जंत आतड्याला चावून रक्त पितो. तिसऱ्यात अळ्या दिसल्या. आता ताज्या शौचात अळ्या असतील तर स्ट्राँगिलॉइड्सचा संशय घ्यायचा, कारण त्याची अंडी आतड्याच्या भिंतीतच फुटतात. अंकुशकृमीची अंडीच बाहेर पडतात. पण नमुना उष्म्यात बराच वेळ राहिला तर अंकुशकृमीची अंडीही डबीत फुटून अळ्या होतात. त्या दिवशी पावसामुळे गाड्या खोळंबल्या होत्या आणि नमुना सकाळी उशिरा जमा झाला होता. शिवाय लॅबने तो कधी पाहिला, याची वेळ रिपोर्टवर नव्हती.

इथे पॅथॉलॉजिस्टना प्रत्यक्ष भेटणं उपयोगी पडलं. त्यांनी पट्टी पुन्हा पाहिली. स्ट्राँगिलॉइड्सच्या अळीचं तोंडाचं पोकळ भुयार आखूड असतं आणि जननेंद्रियाचा ठळक अंकुर मध्यभागी दिसतो. अंकुशकृमीच्या अळीत भुयार लांब आणि अंकुर अगदी अस्पष्ट. त्यांनी आखूड भुयाराच्या बाजूने कौल दिला, पण 26 जूनला लॅबमध्येच ताजा नमुना घेऊन तासाभरात पाहिला. त्यातही अळ्या होत्या. तुमच्या रिपोर्टवर "अळ्या" असा शेरा असेल तर नमुना घेतल्याची आणि पाहिल्याची वेळ जरूर विचारा.

खात्रीसाठी स्ट्राँगिलॉइड्सच्या आयजीजी प्रतिपिंडांची एलायझा तपासणी केली. ती ठाण्यात होत नव्हती. खाजगी लॅबने रक्त घेऊन बाहेर पाठवलं, अडीच हजारांच्या आसपास खर्च आला आणि रिपोर्ट 4 जुलैला आला. पॉझिटिव्ह. ही तपासणी हत्तीरोग किंवा इतर जंतांमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून ती एकटी वाचू नये. आमच्याकडे अळ्यांचा पुरावा होता.

रिपोर्ट वाचून पोटात गोळा आला, आणि त्याचबरोबर फार हायसंही वाटलं. कारण असं. बाकीचे बहुतेक आतड्याचे जंत शरीरात स्वतःची संख्या वाढवू शकत नाहीत. त्यांची अंडी शरीराबाहेर जावी लागतात. स्ट्राँगिलॉइड्सच्या काही अळ्या मात्र आतड्यातच पुढच्या अवस्थेला जातात आणि मोठ्या आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीतून पुन्हा शरीरात शिरतात. मांड्यांवरच्या त्या सरकत्या लाल रेघा याच्याच होत्या. त्यामुळे संसर्ग दशकानुदशकं चालू राहतो. निरोगी माणसात या पुन्हा शिरणाऱ्या अळ्या इओसिनोफिल आणि प्रतिपिंडं रोज मारत असतात, म्हणून फारसं काही जाणवत नाही. स्टिरॉइड दिलं की इओसिनोफिल झपाट्याने कमी होतात, टी-हेल्पर-2 पेशी मंदावतात आणि अळ्यांना रान मोकळं मिळतं. त्या फुफ्फुसात, मेंदूत, कुठेही पोहोचतात, जाताना आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात, आणि रुग्ण जंतुदोषाने दगावू शकतो. थोड्या दिवसांच्या स्टिरॉइडनेही असं झाल्याच्या नोंदी आहेत. कोविडच्या काळात डेक्सामेथासोन सर्रास दिलं जाऊ लागलं तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी याच धोक्याची आठवण करून दिली होती. आणखी वाईट म्हणजे स्टिरॉइड चालू असताना सीबीसी केला तर इओसिनोफिल नॉर्मल दिसतात आणि शंकेला जागाच उरत नाही. 16 जूनचा तो आकडा स्टिरॉइडच्या आधी मिळाला, हे आमचं नशीब. तीव्र दम्यासाठी इंटरल्यूकिन-5 रोखणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही याच कारणासाठी आधी जंतांचा उपचार पूर्ण करायला सांगतात.

उपचार आयव्हरमेक्टिन. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे 200 मायक्रोग्रॅम. आईचं वजन 58 किलो, म्हणजे 11.6 मिलिग्रॅम. 12 मिलिग्रॅमची एक गोळी, सलग दोन दिवस, रिकाम्या पोटी पाण्यासोबत. अंकुशकृमीसाठी अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी, चावून. अल्बेंडाझोलची एक मात्रा स्ट्राँगिलॉइड्सला पुरत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत मिळणारी गोळी हीच. ती 1 ते 19 वर्षांच्या मुलांसाठी, आणि गोल जंत, अंकुशकृमी यांच्यासाठी चांगली. "मुलांबरोबर आम्हीही घेतो" यावर मोठ्यांचं स्ट्राँगिलॉइड्स जात नाही. आयव्हरमेक्टिन गरोदरपणात देत नाहीत, आणि आफ्रिकेतल्या लोआ लोआ जंताच्या प्रदेशात राहून आलेल्यांना ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांशिवाय घेऊ नका. सगळ्या गोळ्या मिळून दीडशे रुपयांच्या आत आल्या. तपासण्यांपुढे औषध किती स्वस्त, याचं वाईट वाटलं.

पहिली गोळी शनिवारी, 5 जुलैला. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. आईने विठोबाची पूजा केली, रिकाम्या पोटी गोळी घेतली आणि दोन तासांनी वरी खाल्ली. संध्याकाळी थोडी चक्कर आणि बरीच खाज. मरणाऱ्या अळ्यांमधून बाहेर पडणाऱ्या प्रथिनांवर शरीर प्रतिक्रिया देतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, सेटिरिझिनची गोळी लिहून ठेवली होती. पंधरवड्याने, 19 आणि 20 जुलैला, आयव्हरमेक्टिनचा दुसरा फेरा झाला. शरीरात प्रवासात असलेल्या अळ्या तोपर्यंत आतड्यात पोहोचून मोठ्या होतात, त्या गाठायच्या म्हणून. सोबत लोहाच्या गोळ्या.

14 जुलैच्या सीबीसीत इओसिनोफिल 2,600 निघाले. वाढलेले! ते पाहून आई पार खचली. पण मरणाऱ्या जंतांमुळे पहिल्या काही आठवड्यांत आकडा वर जाणं अपेक्षित असतं. उपचारानंतर आठवड्याभरात सीबीसी करून घाबरण्यापेक्षा महिन्याने करणं चांगलं. घरातल्या इतरांच्या ताटवाट्या वेगळ्या कराव्यात का, असं एका नातेवाइकांनी विचारलं. गरज नाही. अंकुशकृमीच्या अंड्यांतून संसर्गक्षम अळी तयार व्हायला ओलसर मातीत काही दिवस जावे लागतात. वापरातलं शौचालय आणि शेतात पायात गमबूट, या दोन गोष्टी महत्त्वाच्या. 2025 च्या आवणीला आई गेली नाही. पुढच्या आवणीसाठी भावाने घरातल्या सगळ्यांसाठी गमबूट आणून ठेवलेत. चिखलात ते रुततात अशी सगळ्यांची तक्रार आहे. पायाच्या मापापेक्षा मोठे घेतले की जास्त रुततात, घट्ट बसणारे घ्यावेत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शौचाचे नमुने पुन्हा दिले. अळ्या नाहीत, अंडी नाहीत. इओसिनोफिल 900. सोमवारी, 11 ऑगस्टला प्रेडनिसोलोन कमी मात्रेत सुरू झालं, आणि काही दिवसांत आईच्या मुठी सकाळी मिटू लागल्या. ऑक्टोबरमध्ये हिमोग्लोबिन 11.4, इओसिनोफिल 310. हा दुसरा आकडा फार मनावर घ्यायचा नाही, कारण आता स्टिरॉइडही तो खाली ठेवतंय. म्हणून शौच तपासणी आणि प्रतिपिंडं यांवरच भरवसा ठेवायचा. प्रतिपिंडं सावकाश उतरतात, सहा महिने ते वर्षभर लागू शकतं. जानेवारी 2026 ला एलायझा त्याच लॅबमधून पुन्हा केली. वेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. आकडा पहिल्याच्या निम्म्याहून खाली आलाय. पुढची तपासणी जुलैत. तोवर ताप, सततचा खोकला, पोट फुगणं किंवा पुन्हा तशा रेघा दिसल्या तर त्याच दिवशी दाखवायचं.

आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलंय: स्ट्राँगिलॉइड्स, उपचार जुलै 2025, स्टिरॉइडची मात्रा वाढवण्याआधी शौच तपासणी. त्या पानाचा फोटो भावाच्या, माझ्या आणि गावातल्या काकांच्या फोनमध्ये आहे. रात्री-अपरात्री कुठल्या नव्या दवाखान्यात न्यावं लागलं तर दम्याचं किंवा पित्ताचं म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याआधी तो दाखवायचा, एवढं काकांना नीट समजावून ठेवलंय.